भाऊबीजेचा भाव

गेल्या वर्षीची भाऊबीज आमच्या घरात ओवाळणीपेक्षा एका वादामुळेच अधिक लक्षात राहिली आहे. वाद मोठ्या माणसांचा असता तर नवल नव्हते. चार माणसे फराळाला बसली की शेताचा बांध नाही तर निवडणूक, असे काहीतरी निघतेच. पण हा वाद माझ्या दोन नातवंडांचा होता, आणि तो होता एका खेळाच्या किमतीवरून. न्यायाधीश म्हणून त्यांनी मला नेमले. ज्या खटल्यात न्यायाधीशाच्या घराचा पत्ताच वादाचा विषय होऊन बसतो तो चालवणे किती अवघड असते, हे मला त्या दिवशी कळले.

थोरल्या मुलाचा मुलगा अमेरिकेत जन्मला, तिथेच वाढला आणि आता तिथल्या कॉलेजात शिकतो. धाकट्याची मुलगी इथे परभणीला आमच्याजवळ असते. दोघांची प्रत्यक्ष भेट चार-पाच वर्षांतून एकदा; पण सुटीच्या दिवशी ती दोघे संगणकावर एकत्र खेळतात आणि खेळता खेळता गप्पा मारतात. त्याचे मराठी अजून टिकून आहे ते माझ्या पत्रांमुळे नव्हे, त्या खेळांमुळे, हे मला कबूल केलेच पाहिजे. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने मोबाईलच्या पडद्यासमोर निरांजन ओवाळले, त्याने पलीकडून मान लववली, आणि आमच्या सौभाग्यवतींनी पदराने डोळे टिपले. आता राहिली ओवाळणी. नुसते पैसे पाठवणे त्याला कोरडे वाटले. तिला हवा असलेला एक नवा खेळ तो तिच्यासाठी विकत घेऊ लागला, आणि दुकानाने नकार दिला.

हे दुकान कुठल्या पेठेत नाही. त्याला ओटा नाही, फळी नाही, तागडी नाही. पैसे भरायचे आणि खेळ तारेवाटे आपल्या संगणकात उतरवून घ्यायचा. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा विचारले ते हेच, की हा पैसे लावून खेळायचा प्रकार तर नव्हे ना? तो तसा नव्हता. तसल्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केला आहे. हा आपला गोष्टीच्या पुस्तकासारखा. एकदा विकत घ्यावा आणि महिनोन् महिने खेळत बसावे. दुकानाच्या नकाराचे कारण निराळेच होते. त्या खेळाची अमेरिकेतली किंमत इथल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होती. आणि दोन देशांतल्या किमतींत एवढे अंतर असले की एका देशातून दुसऱ्या देशात भेट पाठवता येत नाही, असा तिथला नियम.

नातवाला त्या नियमाचा राग आला नाही. त्याला इथल्या किमतीचा मोह पडला. तो म्हणाला, "आबा, मी माझं खातं भारतातलं करून घेतो. पैसे ताईच्या फोनवरून भरू, मी तिला ते पाठवीन. फक्त पत्ता इथला लागेल. तुमचा पत्ता लावू का?"

नात तिकडून उसळून म्हणाली, "अरे, पण ही चोरी आहे!"

"चोरी कशी? पैसे तर देतोच आहे. जेवढे तू देतेस तेवढेच."

आणि दोघेही माझ्याकडे पाहू लागली.

माझा जन्म मानवतचा. वडिलांचे तिथे किराणा दुकान होते. भाव या विषयावर माझे जे काही शिक्षण झाले ते त्या दुकानात, पोत्यावर बसून. पेठेतल्या बऱ्याच दुकानांत पाटी असे, "एकच भाव". ती पाटी ही सभ्यतेची खूण समजली जाई. गिऱ्हाईकाची चप्पल पाहून भाव सांगणारा वाणी आणि पोर आले तरी म्हाताऱ्या पाटलाला सांगतो तोच भाव सांगणारा वाणी, यांत लोक फरक करीत. तेव्हा माझ्या मनाचा पहिला कौल एका भावाच्या बाजूने पडला. सगळ्यांना एक भाव, हाच न्याय नव्हे काय?

या न्यायाला मोठी परंपराही आहे. १८५४ साली हिंदुस्थानात टपालाची नवी पद्धत आली तेव्हा ठरले, की पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. अंतर कितीही असो, दर एक. त्या एका दराने देश जवळ आणला. पुढे १९९० मध्ये बांधीव मालाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह, छापण्याचे बंधन आले. साबणाच्या वडीवर जो आकडा छापला आहे त्याच्यावर एक पैसा मुंबईतही मागता येत नाही आणि पालमच्या टपरीवरही मागता येत नाही. एवढी सोय झाल्यावर अमेरिकेला एक भाव आणि परभणीला दुसरा, हे मला आधी अन्यायाचेच वाटले. आणि त्या अन्यायात फायदा आमचा होता, म्हणून तर अधिकच संकोचाचे.

पण वडिलांच्या दुकानातली दुसरी एक गोष्ट आठवली आणि माझा कौल डळमळला.

आमचा मुलूख निजामाचा. सप्टेंबर १९४८ मध्ये तो भारतात आला, तरी निजामाचे नाणे लगेच गेले नाही. हैदराबादचा तो हाली सिक्का आणि इंग्रजी अमलापासूनचा कलदार रुपया, अशी दोन नाणी माझ्या लहानपणी शेजारी शेजारी नांदत होती. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार. वडिलांच्या गल्ल्यात दोन खण होते. डावीकडे हाली, उजवीकडे कलदार. खेड्यातल्या गड्याची मजुरी हालीत, आणि मुंबईकडून येणाऱ्या मालाची हुंडी कलदारात. आता या परिस्थितीत "एकच भाव, एक रुपया" एवढीच पाटी लावणारा दुकानदार प्रामाणिक कसा म्हणावा? ज्याच्या कनवटीला हाली आहे त्याचा एक रुपया आणि ज्याच्या खिशात कलदार आहे त्याचा एक रुपया, हे दोन निरनिराळे रुपये होते. म्हणून आमचे वडील भाव सांगण्याआधी विचारीत, "कोणता रुपया?" तेवढा प्रश्न विचारला की पुढचा हिशेब सरळ होई. तो न विचारता बट्टा खाणारेही पेठेत होतेच.

आज हाली गेला, कलदार हा शब्दही गेला. पण प्रश्न तोच उरला आहे. डॉलर देऊन बाजारात जितके रुपये मिळतात तो एक हिशेब. आणि अमेरिकेत डॉलरभर पैशांत जेवढे धान्य, कापड, घरभाडे भागते तेवढे इथे भागवायला किती रुपये लागतात, तो दुसरा. जागतिक बँकेच्या पुढाकाराने देशोदेशींच्या किमतींची तुलना होते. तीत २०१७ या वर्षासाठी पहिला आकडा ६५.१२ रुपये होता आणि दुसरा अवघा २०.६५. म्हणजे हाली आणि कलदार यांत सहा-सातचा फरक, आणि इथे तिपटीहून अधिक!

हे आकडे मी नातवाला एका कागदावर मांडून दाखवले. त्या २०१७ साली मोठ्या कंपनीच्या नव्या खेळाची अमेरिकेतली रूढ किंमत ६० डॉलर होती. बाजाराच्या दराने त्याचे ३,९०७ रुपये होतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. म्हणजे एका खेळासाठी १९ दिवस उन्हात खणायचे आणि तरी थोडे कमीच पडायचे. उलट अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेली किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. तिथला सर्वांत कमी पगाराचा मजूरही तोच खेळ साडेआठ तासांच्या आत कमावतो. एकाचा एक दिवस, दुसऱ्याचे १९ दिवस. पाटीवर मात्र "एकच भाव"! असा एक भाव हा न्याय नव्हे, "कोणता रुपया?" हा प्रश्न न विचारण्याची ती एक सोयिस्कर तऱ्हा आहे.

नातू हुशार आहे. तो म्हणाला, "आबा, मग मजुराला कमी किंमत, श्रीमंताला जास्त, असं करा. देश कशाला मध्ये आणता? मुंबईत मलबार हिलवर राहणाऱ्या मुलालाही तीच स्वस्त किंमत, आणि इथे रात्री ऑफिसं झाडणाऱ्या बाईच्या मुलाला महाग. हा कुठला न्याय?"

याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नव्हते, आजही नाही. देशाची सीमा हे माणसाची ऐपत मोजायचे फार ओबडधोबड माप आहे. शेर घेऊन सोने मोजावे तसे. परभणी जिल्ह्याला म्हणून लावलेला भाव कुठेच नाही. जो मलबार हिलला तोच गंगाखेडला आणि तोच सोनपेठला. इथल्या स्वस्त किमतीलाही जी मुले पोचू शकत नाहीत ती आमच्या गल्लीतच आहेत. पण दुसरे माप कोणते? प्रत्येक पोराच्या बापाचे उत्पन्न विचारणारे दुकान मला नको आहे. चप्पल पाहून भाव सांगणाऱ्या वाण्याचाच तो थोरला भाऊ होईल. ओबडधोबड मापानेही मापात पाप करण्यापेक्षा बरे माप होते, एवढेच मी म्हणू शकलो.

मग मला वाटू लागले, की एकाच वस्तूचे दोन भाव सांगणे हे कृत्य स्वतः चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. गावोगाव असे डॉक्टर असतात, की जे मोलकरणीकडून निम्मेच पैसे घेतात. आपण त्यांना देवमाणूस म्हणतो. आणि स्टेशनावर परगावच्या माणसाला दुप्पट भाडे सांगणारा टांगेवाला असे, त्याला आपण लुटारू म्हणत असू. दोघेही माणूस पाहून भाव लावतात. मग फरक कुठे? मला सुचलेली कसोटी साधी आहे. दोन्ही गिऱ्हाइकांना समोरासमोर उभे करून दोन्ही भाव मोठ्याने सांगता येतील काय? डॉक्टराला ते सांगता येतील. ज्याने पुरे पैसे दिले तो मोलकरणीकडे पाहून मान डोलावील. फार तर थोडा कुरकुरेल. टांगेवाल्याला सांगता येणार नाहीत. त्याचा भाव दुसऱ्याच्या अज्ञानावर उभा आहे. नातवाच्या खेळाचे दोन्ही भाव उघड होते. कोणीही पाहावे, कोणीही तुलना करावी. माझ्या कसोटीला ते दुकान उतरले.

आणि हा दुकानदाराचा धर्मादायही नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढा नफा व्यापाऱ्याला मोकळा ठेवला. म्हणजे मालाला मूळ खर्च आहे, त्यावर नफा मोजायचा, असे गृहीत धरले. या खेळांची गंमत अशी, की पहिली प्रत तयार करायला शेकडो माणसांची वर्षे जातात आणि दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच लागत नाही. परभणीच्या मुलीने निम्म्या भावात घेतला म्हणून कोणाची पिशवी रिकामी होत नाही. उलट जो रुपया मुळी आलाच नसता तो येतो. पूर्वी आमच्याकडे शंभर-पन्नास रुपयांत चोरीच्या तबकड्या मिळत, आणि भल्या घरची मुले त्या उघड आणीत. आम्ही वडीलधाऱ्यांनी कधी हटकले नाही. प्रामाणिकपणाची किंमत १९ दिवसांची मजुरी असली की चोरीची सवय लागायला वेळ लागत नाही. आणि पुढे ऐपत आली तरी सवय जात नाही. हे खेळ करणारे काही सगळे परकेच नाहीत. २०२० साली 'राजी' नावाचा खेळ जगभर गेला, तो पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या तरुणांनी केला होता. त्यांच्याही चुली आहेत.

भावाबरोबरच पैसे घेण्याच्या खिडकीचाही विचार केला पाहिजे. स्टीम हे या खेळांचे सर्वांत मोठ्या दुकानांपैकी एक. ते २००३ साली निघाले, आणि २०१५ पर्यंत तिथे भारतीयांना भाव डॉलरातच दिसत. रुपयांत भाव आले तरी पैसे भरायला कार्ड हवे, आणि परभणीत किती घरांत परदेशी चालणारे कार्ड असते? रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या रक्षणासाठी २००९ पासून कार्डाच्या व्यवहाराला दुसरी खातरजमा आवश्यक केली, ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर बंधने घातली. हेतू चांगला, पण परदेशी दुकानांची यंत्रे त्यापुढे अडखळली. २०२२ मध्ये तर ॲपलने आपल्या दुकानात भारतीय कार्डे घेणेच थांबवले. आमच्या नातीने पहिला लहानसा खेळ घेतला तो एका मोबाईलवाल्याच्या कार्डावर. त्याने वर पन्नास रुपये घेतले. पुन्हा बट्टाच! भाव परवडणारा लावायचा आणि गल्ल्याची खिडकी बंद ठेवायची, हा जेवायला बोलावून पान न वाढण्याचा प्रकार झाला. २०१६ साली यूपीआय आले, आणि ज्या रीतीने आपण भाजीवालीला पैसे देतो त्याच रीतीने हळूहळू या दुकानांनाही देता येऊ लागले. माझ्या मते भाव कमी करण्याइतकेच ते न्यायाचे काम झाले.

इथवर ठीक होते. पण नातवाचा प्रश्न या सगळ्याच्या पुढचा होता. सवलत न्याय्य आहे, हे कबूल. ती ज्याच्यासाठी ठेवली त्याच्याऐवजी दुसऱ्याने घ्यावी काय? आणि इथे मला माझी पेटी आठवली.

१९९६ साली थोरला मुलगा शिकायला अमेरिकेला निघाला तेव्हा मी त्याला पुण्याहून इंजिनिअरिंगची पुस्तके घेऊन दिली होती. मूळ पुस्तक अमेरिकेचे, कागद हलका, किंमत कितीतरी कमी. आणि पाठीवर ठसठशीत छापलेले, की ही आवृत्ती भारत आणि आसपासच्या देशांतच विकण्यासाठी आहे. पत्र्याची एक पेटी त्यांनीच भरली. शिक्षण संपल्यावर त्याने ती पुस्तके तिथल्याच सोबत्यांना विकली आणि इथल्या खरेदीच्या तिप्पट पैसे आले. ते पत्र मी शेजाऱ्यांना वाचून दाखवले होते. मुलगा व्यवहारात हुशार निघाला म्हणून मला अभिमान वाटला होता!

हे मी नातवाला सांगितले. न्यायाधीशाने स्वतःचा गुन्हा लपवू नये. नातू हसला, दहा मिनिटे काही शोधत बसला, आणि मग म्हणाला, "आबा, तुम्ही सुटलात!" त्याने सांगितले ते असे: सुपाप कीर्तसाएंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशीच स्वस्त पुस्तके मागवून अमेरिकेत विकली. वायली या प्रकाशकाने दावा लावला. १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की एकदा रीतसर विकलेले पुस्तक हे घेणाऱ्याचे. तो ते कुठेही विकू शकतो. युरोपातही जानेवारी २०२१ मध्ये स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह आणि पाच खेळ-प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरो दंड झाला, कारण त्यांनी युरोपीय संघातल्या एका देशात घेतलेला खेळ दुसऱ्या देशात चालू दिला नव्हता. "म्हणजे कुंपण घालणारेच गुन्हेगार," तो म्हणाला.

कुंपणाचा अनुभव आम्हांलाही आहे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. ज्या वर्षी पलीकडे आंध्रात भाव जास्त असे त्या वर्षी रात्री गाड्या हद्द ओलांडीत. त्या शेतकऱ्याला आम्ही कधी चोर म्हटले नाही. मग नातवालाच का म्हणावे?

रात्री अंथरुणावर मला फरक दिसला. कापूसवाला कुंपण ओलांडत होता तो स्वतःच्या घामाचा भाव घ्यायला. नातू ओलांडू पाहत होता तो दुसऱ्यासाठी ठेवलेली सूट घ्यायला. आणि त्या सुटीचे पुढे काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान इथे त्यांच्या चलनात खेळांचे भाव फार कमी होते. जगभरची माणसे आपण तिथलेच आहोत असे भासवून तिथल्या भावाने खेळ घेऊ लागली. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने ती दोन्ही चलने बंद करून तिथे डॉलर लावला. दुकानाने कारण दिले ते चलनाच्या चढउताराचे, आणि ते खरेही होते. पण पाहुण्यांच्या त्या गर्दीने तिथला भाव टिकायला मदत झाली नाही, हेही उघड आहे. पुष्कळ खेळ तिथल्या मुलांना एका रात्रीत कितीतरी महाग झाले. पाहुणे आपापल्या देशी परतले. त्यांचे काहीच गेले नाही. कायदा माझ्या पेटीला निर्दोष ठरवील. पण पेटी भरणारे फार झाले तर प्रकाशक स्वस्त आवृत्ती काढणेच सोडील, आणि मग परभणीच्या दुसऱ्या एखाद्या मुलाला ते पुस्तक मिळणार नाही, हा विचार १९९६ साली माझ्या मनात आला नव्हता. मुलाने ती पुस्तके वापरली यात मला आजही दोष दिसत नाही. तो तेव्हा परभणीचाच गरीब विद्यार्थी होता. तिप्पट पैशांचे ते पत्र मात्र मी आज वाचून दाखवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला नाही म्हणून सांगितले. सगळी कारणे सांगितली. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आबा, पण ते माझंही घर आहे ना? मग पत्ता खोटा कसा?"

या प्रश्नासाठी मी तयार नव्हतो. भावाचा वाद करता करता मी त्याला उंबऱ्याबाहेर उभे केले होते की काय, असे वाटून माझा घसा दाटला. परदेशी वाढलेल्या नातवाने आपले घर परभणीला आहे म्हणावे, यासाठी आजोबाने आणखी काय द्यावे? एक खेळाची किंमत ती काय! पण मग वडिलांचा तो गल्ला डोळ्यांपुढे आला. मी म्हटले, "बाळ, घर तुझंच आहे. पत्रासाठी, येण्यासाठी, भांडण्यासाठीसुद्धा हा पत्ता तुझा. पण तू कमावतोस तो रुपया इथला नाही. तू इथे येऊन राहा, इथल्या पगारात महिना काढ, आणि मग खुशाल इथला भाव घे. तोवर पत्ता खरा असूनही तू सांगशील ते खोटंच."

तो "बरं" म्हणाला आणि पुढे चार दिवस त्याचा फोन आला नाही. ते चार दिवस घरात चिवड्यालाही चव नव्हती. सौभाग्यवतींनी माझ्या तत्त्वज्ञानाबद्दल आपले मत स्पष्ट शब्दांत सांगितले. ते इथे छापण्याजोगे नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. कॉलेजच्या ग्रंथालयात तो संध्याकाळचे काम करतो. त्या पगारातून त्याने तिकडच्या भावाने स्वतःसाठी खेळ घेतला होता, आणि नातीसाठी इथल्या भावाचे पैसे तिच्या बापाकडे पाठवले होते. ती ओवाळणी. तिने यूपीआयने पैसे भरले आणि पंधरा मिनिटांत खेळ सुरू झाला. तिची एक मैत्रीण मागच्या गल्लीतून येते. तिची आई या दिवसांत कापूस वेचायला जाते. त्या घराला हा स्वस्त भावही महागच. दोघी एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसल्या, एकीने बाण मारायचा आणि एकीने पळायचे अशी वाटणी करून घेतली, आणि पडद्यापलीकडून भाऊ ओरडून सूचना देत राहिला. त्या मुलीसाठी कोणता भाव रास्त, हे मला ठरवता आलेले नाही.

फोन ठेवताना नातू म्हणाला, "आबा, पुढच्या उन्हाळ्यात महिनाभर येतो. मग चालेल ना पत्ता?"

मी म्हटले, "आधी ये तर खरा. उन्हाळ्यात परभणीला महिना काढलास, की मी स्वतः दुकानाला पत्र लिहून देईन."